निळ्या पट्टीचं पुस्तक

परवा नातीच्या वाढदिवसाला पुस्तक घ्यायचं म्हणून तिला घेऊन बुलढाण्याला गेलो होतो. दुकानातला पोरगा मोठा चटपटीत. आम्ही पायरी चढतो न चढतो तोच त्याने मला विचारलं, "कितवीत आहे?" नात माझं बोट धरून उभी होती, पण तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी गप्प. त्याला वाटलं, म्हातारा बहिरा असेल. त्याने तोच प्रश्न मोठ्याने विचारला आणि मी त्याच्या अंगावर खेकसलो. म्हटलं, बाबा रे, पुस्तक तिला वाचायचं आहे, तर मला काय विचारतोस, तिला विचार की. दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. नात रडवेली झाली आणि आम्ही पुस्तक न घेताच परत आलो. मुलगा घरी म्हणाला, बाबा, सुंभ जळाला तरी तुमचा पीळ काही जात नाही.

खरं सांगायचं तर त्या पोराचा काही दोष नव्हता. तो विचारत होता तेच मी माझ्या उमेदीच्या काळात शेकडो पोरांना विचारलं आहे आणि त्यावरून पुस्तकं वाटली आहेत. त्यात एका पोरीची शाळा माझ्यामुळे सुटली. तिचं सारं शिक्षण माझ्या एका शब्दावर अडलेलं होतं, आणि तो शब्द मी बाजारात उभ्या उभ्या, भाजीची पिशवी सावरत टाकून दिला. ही गोष्ट मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नाही. आता सांगून टाकतो.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी मूळचा जळगाव जामोदकडचा. नॉर्मल स्कूल, म्हणजे मास्तरकीचं शिक्षण, करून बाहेर पडलो आणि मोताळा तालुक्यातल्या एका लहान गावी मास्तर म्हणून लागलो. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एकटा मी. पाचवीला पोरांना दोन कोस चालत दुसऱ्या गावी जावं लागे. पोरं जात. पोरी मात्र चौथी झाली की घरी बसत आणि त्याचं कोणाला नवलही वाटत नसे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेत पुस्तकांची पेटी आली. जिल्ह्याच्या गावाहून अशा लोखंडी पेट्या निघत, एका शाळेत काही महिने राहत आणि मग बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून पुढच्या शाळेला जात. आमच्या वाट्याला साठेक पुस्तकं आली. मला काय तो आनंद! नॉर्मल स्कूलमध्ये आम्हाला वयोगट शिकवले होते: अमुक वयाच्या मुलाला प्राण्यांच्या गोष्टी आवडतात, तमुक वयाच्या मुलाला साहसाच्या. मी दोन रात्री बसून सगळी पुस्तकं चाळली. पतंगाचा कागद आणला, घरमालकिणीकडून ज्वारीच्या पिठाची खळ करून घेतली आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर पट्टी चिकटवली. लाल पट्टी पहिली-दुसरीला, पिवळी तिसरी-चौथीला, निळी पाचवीपासून पुढे. आमच्या शाळेत पाचवीच नव्हती, म्हणजे निळ्या पट्टीची दहा-बारा पुस्तकं पेटीच्या तळाशी नुसतीच पडून राहणार होती. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण नियम तो नियम. तपासणीला आलेल्या साहेबांनी पट्ट्या पाहून माझी पाठ थोपटली आणि मी आणखीच ताठ झालो. उंटावरचा शहाणा कसा असतो ते बघायचं असेल तर मला तेव्हा बघायला हवं होतं.

शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या आधी पेटी उघडायची, पोरांनी रांगेने यायचं, जुनं पुस्तक द्यायचं, नवं न्यायचं. पोरंही एकेक नमुने. तिसरीतल्या एकाला ज्यात बैल नाही ते पुस्तकच नको असे. पट्टी पिवळी का लाल, त्याला देणंघेणं नव्हतं, तो पानं उलटून बैल शोधायचा. मी त्याच्या हातात ठरलेलं पुस्तक कोंबायचो आणि तो ते न उघडता पुढच्या शनिवारी परत आणायचा. तेव्हाच खरं तर मी शहाणं व्हायला पाहिजे होतं.

ती पोरगी चौथीत होती. उशिरा शाळेत घातलेली, म्हणून वर्गात सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच. बारा वर्षांची असेल. घर शेतकऱ्याचं, जमीन बेताची. घरात आई, बाप, दुसरीत शिकणारी धाकटी बहीण आणि बापाचा बाप. त्याला त्या पोरी आबाजी म्हणत. आबाजीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे. मला त्या घराची माहिती एवढीच.

ती वाचायची ते मात्र ऐकण्यासारखं. श्वास न घेता, गाडी उतारावर सुटावी तशी. मला ते आवडत नसे. मला वाटे, ही नुसती घडाघडा बोलते, समजत हिला काही नसणार. मी तिला दहादा थांबवायचो, हळू वाच म्हणायचो. ती दोन ओळी हळू वाचायची आणि तिसऱ्या ओळीपासून पुन्हा सुटायची.

पिवळ्या पट्टीची सगळी पुस्तकं तिने महिन्या-दीड महिन्यात संपवली. मग तिने निळं मागितलं. मी नाही म्हटलं. पुढच्या शनिवारी पुन्हा मागितलं, पुन्हा नाही. ती हट्ट करत नसे, फक्त रांगेत शेवटी उभी राही आणि सगळे गेले की तेच वाक्य पुन्हा बोले. तिसऱ्या शनिवारी मी कंटाळून निळ्यातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं. मनात म्हटलं, घे, नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते तुलाच कळेल.

ती एका जहाजाची गोष्ट होती. मीठ भरून निघालेलं जहाज वादळात वाट चुकतं, कप्तान आजारी पडतो, गोडं पाणी संपत येतं, खलाशी एकमेकांच्या जिवावर उठतात. पुढे त्यात पुष्कळ माणसं मरतात, म्हणून मी त्याला निळी पट्टी लावली होती. लहान पोरांच्या हाती मरणाची पुस्तकं देऊ नयेत असं आम्हाला शिकवलं होतं. त्या पोरीची पाठची दोन भावंडं एकाच पावसाळ्यात गेली होती, हे मला नंतर कळलं.

पहिल्या शनिवारी तिने सांगितलं, अजून झालं नाही, राहू द्या. दुसऱ्या शनिवारी तेच. मी मनात खूश. पाहा, म्हटलं, पोरीला झेपत नाही. तिसऱ्या शनिवारी मी पुस्तक बघायला मागितलं. तिने ते फडक्यात गुंडाळून आणलं होतं. उघडलं तर पहिल्या पानावर हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट. मध्ये कुंकवात बुडवलेले तांदळाचे दाणे चिकटलेले. पानापानांच्या बेचक्यात उदबत्तीची राख. अर्ध्यावर मोराचं पीस खूण म्हणून घातलेलं, म्हणजे तीन आठवड्यांत अर्धंच वाचून झालेलं.

माझं डोकंच फिरलं. पेटी सरकारी, पुस्तक नवंकोरं, त्यावर मी स्वतः लावलेली पट्टी. मला वाटलं, ही पुस्तक घेऊन चुलीपाशी, देव्हाऱ्यापाशी खेळत बसते. मी चाळीस पोरांसमोर तिला उभं केलं आणि नाही नाही ते बोललो. म्हटलं, एवढी घोडी झालीस आणि पुस्तक धरायची अक्कल नाही. तुला निळं नाही, पिवळंही नाही, आधी लाल पट्टीचं पुस्तक सांभाळून दाखव. पेटीतून मी पहिलीच्या पोरांचं एक पुस्तक काढलं. सशाची टोपी वाऱ्याने उडते आणि तो ती शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. बारा पानं, पानावर दोन ओळी आणि खाली हे एवढं चित्र. पोरं फिदीफिदी हसली. तिची धाकटी बहीणही हसली, कारण ते पुस्तक तिने केव्हाच वाचलं होतं.

ती रडली नाही. जहाजाचं पुस्तक मी पेटीत टाकत होतो, त्याकडे बघत तिने एकच विचारलं.

"गुरुजी, एवढं सांगा फक्त. जहाज बुडते का?"

सांगितलं असतं तर माझं काय जात होतं? पण माझा पारा चढलेला. मी म्हटलं, "मोठी झालीस की वाच."

तिने सशाचं पुस्तक त्याच फडक्यात गुंडाळलं आणि ती जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मोताळ्याच्या बाजारात तिचा बाप मला भेटला. हातातली पोती खाली ठेवून त्याने रामराम केला. भला माणूस, पण कमी बोलणारा. इकडचं तिकडचं न बोलता त्याने सरळ विचारलं, की आमच्या पोट्टीचं कसं काय, पुढं घालण्यासारखी आहे का. मला वाटलं, बाप सहज विचारतो तसं विचारतो आहे. आमच्या भागात कोणी मुलीसाठी असं कधी विचारतच नाही, तो विचारतो आहे म्हणजे त्याच्या मनात काही चाललं आहे, हे मला समजायला नको होतं? मी अजून रागातच होतो. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत मी बोलून गेलो, की पोरगी गरीब आहे, पण मोठं पुस्तक काही तिला झेपत नाही, पहिलीच्या पुस्तकावर आणून बसवावं लागलं. त्याने मान हलवली, पोती उचलली आणि तो गर्दीत गेला. मीही मग मिरच्या घ्यायला गेलो.

सशाचं पुस्तक तिने परत केलंच नाही. शनिवार आला की ती म्हणे, अजून झालं नाही. बारा पानांचं पुस्तक! पहिला आठवडा, दुसरा आठवडा, तिसरा. मला हसू यायचं. आपला अंदाज किती अचूक निघाला याचं मला कौतुक वाटायचं. तो ससा त्या घरी महिनाभराहून जास्त राहिला.

मग ती शाळेत यायची बंद झाली. सुगीचे दिवस होते. ज्वारी काढायला पोरं आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस गायब होत, मास्तर काय कोणाकोणाच्या घरी जाणार? मी गेलो नाही. होळी झाली आणि पेटी पुढच्या शाळेला न्यायला बंडी आली. मी पुस्तकं मोजून भरत होतो तर एक कमी. धाकट्या बहिणीला घरी पिटाळलं. ती धावत जाऊन सशाचं पुस्तक घेऊन आली. त्याच फडक्यात. उघडून पाहिलं तर पहिल्या पानावर हळद, कुंकू, आणि सशाच्या पायापाशी तांदळाचे दाणे.

मी म्हटलं, हे काय गं, या पुस्तकाचीही पूजा? आणि त्या एवढ्याशा पोरीने बंडीच्या चाकाला टेकून मला सगळं सांगितलं. ती सांगत होती आणि पेटी बंडीत चढत होती. बंडीवाला हाक मारून निघाला तरी मी तिथेच उभा.

झालं होतं ते असं. आबाजी डोळे होते तोवर गावाचा पोथी वाचणारा. श्रावणात त्याच्या ओट्यावर सारा मोहल्ला बसायचा. डोळे गेले आणि पोथी बंद झाली. मग या नातीला वाचता यायला लागल्यावर त्याने तिला पाटावर बसवलं. त्या घराचा नेम असा, की पुस्तक कुठलंही असो, हातपाय धुवायचे, पुस्तक पाटावर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मगच उघडायचं. शाळेतलं पुस्तक असो की कुठलं असो, अक्षर म्हणजे अक्षर. रोज शेतातून आल्यावर घरची चार माणसं आणि शेजारच्या दोन-तीन बाया अंगणात बसत, आणि ती वाची. रॉकेल वाचनासाठी जाळायचं नाही, म्हणून उजेड आहे तोवर जेवढं होईल तेवढं. म्हणून ती गाडी सुटल्यासारखी वाचत होती. उजेडाशी तिची शर्यत असायची. आणि तेवढ्यातही आबाजी मधे थांबवून विचारायचा, समुद्र म्हणजे केवढा, नळगंगेच्या पुराएवढा का? म्हणून तीन आठवड्यांत अर्धंच झालं होतं.

जहाजाने त्या सगळ्यांना वेड लावलं होतं. शेजारच्या बाया भाकरी लवकर थापून येत. बापसुद्धा बैल बांधून येऊन बसे. आबाजीने बापाला सांगून ठेवलं होतं, की ही पोरगी पाचवीत जाईल, दोन कोस चालावं लागलं तरी जाईल. आणि बाप ऐकण्याच्या बेतात होता. म्हणून तर त्याने मला बाजारात विचारलं.

आणि मी त्या अंगणात वादळातलं जहाज काढून घेतलं आणि ससा पाठवला.

तिने काय केलं? तिने सशाचं पुस्तक पाटावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. पुस्तक उघडून डोळ्यांसमोर धरलं आणि जहाजाची गोष्ट पुढे वाचायला लागली. स्वतःच्या मनाने. रोज नवं. समुद्रही न पाहिलेली बारा वर्षांची पोरगी, महिनाभर, रोज दिवस मावळेपर्यंत, त्याच बारा पानांवरून जहाज हाकत राहिली. कोणाला काही कळलं नाही, कारण पुस्तक ती फडक्यातच धरी आणि त्या अंगणात वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. बापाला मी पहिलीच्या पुस्तकाचं बोललो होतो, पण जहाजाचं पुस्तकही अजून घरीच आहे असं तो समजत होता. एक धाकटी बहीण होती, पण ती त्या वेळी अंगणाच्या कडेला खेळत असायची. एक दिवस ती येऊन ताईच्या मांडीला टेकली, पुस्तकात डोकावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की याच्यात जहाज कुठे आहे, याच्यात तर ससा आहे.

ते सांगताना ती धाकटी रडायला लागली. मलाही पुढे ऐकवेना.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात आबाजी खाटेवर बसलेला. बापाने पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी हात जोडले. म्हटलं, भाऊ, चूक माझी आहे, पोरीला परीक्षेला पाठवा, पाचवीच्या शाळेत मी स्वतः नाव घालून देतो. तो जमिनीकडे बघत म्हणाला, गोष्ट आता तेवढीच राहिली नाही. त्या घराचा दुसरा नेम त्याने मला सांगितला. पोथीतलं एक अक्षर गाळलं तर पाप, आणि पदरचं एक अक्षर घातलं तर त्याहून मोठं पाप. पूजा करून महिनाभर पोरीने नसलेलं वाचलं, शेजारच्या बायांसमोर. शाळेत हेच शिकवत असतील तर ती शाळा नको.

मी म्हटलं, ते पाप नव्हे हो, असं डोकं हजारात एखाद्याला असतं. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"गुरुजी, तुमीच म्हनलं ना बाजारात, तिले मोठं पुस्तक झेपत नाही म्हून. तवा खरं बोलले का आता खरं बोलून राह्यले?"

मी म्हटलं, तेव्हा मी चुकीचं बोललो. तो म्हणाला, मास्तरचा शब्द म्हणून आम्ही धरला, आता सोयरीक बोलून झाली. एवढं बोलून तो बैलांना वैरण टाकायला उठला. मी आबाजीकडे वळलो. वाटलं, म्हातारा तरी बोलेल. तो हळू आवाजात म्हणाला, गुरुजी, अक्षराचा नेम या घरात मीच घातला, आता मी कोणत्या तोंडाने बोलू. आणि मग त्याने विचारलं, की त्या जहाजाचं खऱ्या पुस्तकात पुढं काय होतं.

मला तोंडी सांगता आलं असतं. पण मी ठरवलं, पुस्तक आणून वाचून दाखवायचं. वाटलं, तेवढ्याने काहीतरी फिटेल. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. रविवारी सायकल काढली आणि धामणगाव बढ्याच्या पलीकडे जिथे पेटी गेली होती तिथे गेलो. तिथल्या मास्तरला पटवून जहाज मागून घेतलं. माझ्या पट्ट्यांचं त्याने फार कौतुक केलं. म्हणाला, काम किती सोपं झालं.

त्याच दिवशी उन्हं कलायच्या आत मी त्यांच्या अंगणात होतो. बाप घरी नव्हता. मी हातपाय धुतले, पाट मागितला, पुस्तक पाटावर ठेवलं. आईने आतून हळदकुंकवाचा करंडा आणून दिला. जन्मात पहिल्यांदा मी एका पुस्तकाला कुंकू लावलं. मग मोराच्या पिसापासून पुढे वाचायला लागलो. सगळं काही होण्यासारखं नव्हतं, मधली पानं तोंडी सांगून शेवटापर्यंत आलो. कप्तान मरतो. जहाज खडकावर फुटतं. बत्तीस माणसांतली चार किनाऱ्याला लागतात. मी पुस्तक मिटलं.

आबाजीने मान हलवली.

"याच्यात त सारे मेले, गुरुजी. तिनं एकालेबी मरू नाही देल्लं."

मी विचारलं, तिने काय केलं होतं? तो म्हणाला, तिचं जहाज पुराच्या पाण्याबरोबर पार नळगंगेत येऊन लागलं होतं. खलाशी मोताळ्याच्या बाजारात उतरले, तिथल्या बायांनी त्यांना भाकरी-मिरचीचा ठेचा दिला, कप्तानाला वैद्याने बरं केलं. पुढं आणखी पुष्कळ होतं, म्हणाला, पण माझ्यानं तिच्यासारखं सांगणं होणार नाही. इतकं सांगून म्हातारा हसला. हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले.

ती दारात उभी होती. केव्हापासून, मला माहीत नाही. हातात सूप, अंगावर परकर नव्हता, लुगडं होतं. आईचंच असावं, तिला ते आवरत नव्हतं. मी उठलो आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं. म्हटलं, घे बाई, तुझंच आहे, वाच, कितीही दिवस ठेव, कोणी जाब विचारला तर मी देईन.

तिने सूप खाली ठेवलं. रांजणापाशी जाऊन हात धुतले, लुगड्याला पुसले. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि न उघडता मला परत दिलं.

"मोठी झाली की वाच म्हनलं होतं तुमी, गुरुजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मास्तरला पाठ म्हणून दाखवावं तसं ती बोलली. "मोठी झाली म्हून त शाया सुटली."

मग तिने सूप उचललं आणि ती आत गेली. आत ज्वारी पाखडल्याचा आवाज यायला लागला. मी पुस्तक पिशवीत घातलं, आबाजीच्या पायाला हात लावला आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो.

वैशाखात तिचं लग्न झालं. सासर जळगाव जामोदकडे, म्हणजे माझ्याच गावाच्या बाजूला, पण ती पुन्हा कधी दिसली नाही. आबाजी त्याच पावसाळ्यात गेला. जहाज नळगंगेत आल्यावर पुढे आणखी पुष्कळ होतं म्हणाला होता, ते काय होतं हे तिलाच विचारायला पाहिजे होतं. ती दारात उभी होती, मी समोर उभा होतो, आणि माझ्या हातात पुस्तक होतं म्हणून मला ते सुचलं नाही.